सेतुमाधवरावांच्या घराचा स्वभाव

आमच्या घरमालकांना छत गळतंय असं सांगितलं, की ते छत्री घेऊन आमच्या घरात यायचे. गळतीच्या बरोबर खाली स्टूल मांडून त्यावर बसायचे, छत्री उघडायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत छत्रीवर पडणारे थेंब मोजायचे. शेजारी माझी आई बादली घेऊन उभी. मिनिटभराने छत्री मिटून ते निकाल द्यायचे, "मिनिटास अकरा. काल चौदा होते. बरे होत आहे."

"अहो, बरं कसलं होतंय? पाऊस कमी झालाय!" आई म्हणायची.

"तेही एक कारण," ते शांतपणे म्हणायचे आणि स्टूल उचलून निघून जायचे.

त्यांचं नाव सेतुमाधवराव. कुंभकोणममधली आमची सगळी गल्ली त्यांना 'रायर', म्हणजे 'राव', म्हणायची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, काडीसारखे सडपातळ. पूर्वज कधीतरी तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण घरात मराठी, तीही तीनशे वर्षांपूर्वीची. 'बसा' नाही, 'बैसा'. 'असं' नाही, 'ऐसे'. शिवाय 'घर'चा उच्चार 'गर'. पहिल्या दिवशी ते "हा गर फार जुना" म्हणाले, तेव्हा आईला वाटलं फणसाविषयी चाललंय.

मी मूळची येवल्याची. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमच्या एका रेशमी साड्यांच्या संस्थेत काठ-पदराच्या नक्षीचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले, आणि एकटी कशी राहशील म्हणत आई मागोमाग आली. तिला तमिळचा गंध नव्हता. मराठी बोलणारा घरमालक आहे असं कळल्यावर मी बाकी काहीच पाहिलं नाही. चूक माझीच.

पाहिलं ते त्यांनीच. "दार कैसे लावतां, दाखवा," त्यांनी आईला फर्मावलं. आईने पाचही दारं एकेक करून उघडली, लावली. रायर कान लावून ऐकत होते. शेवटचं दार लागल्यावर त्यांनी मान डोलावली. "हात हळू आहे. राहावे तुम्ही." नोकरी, पगार, ओळखपत्र, कशाचीही चौकशी नाही. पुढे त्या दारांच्या खिळखिळ्या बिजागऱ्या जवळून बघितल्यावर परीक्षेचं कारण कळलं.

ओट्याला लागून असलेला पुढचा भाग त्यांचा, मागच्या तीन खोल्या आमच्या. या तीन खोल्यांत नीट चालणारी एकही गोष्ट नव्हती, आणि रायरांच्या मते बिघडलेलीही एकही नव्हती. जे होतं तो घराचा स्वभाव होता. स्वयंपाकघरातला दिवा लावायचा तर आधी न्हाणीघरातला लावावा लागे. "दोघे भावंडे. एकटा एक राहत नाही." नळ पाणी द्यायच्या आधी पाच मिनिटं खोकायचा. "वय झाले त्याचे." विजेच्या बटणाचा मला चांगला झटका बसला, तेव्हा ते धावत आले, माझा हात पाहिला आणि ओशाळून म्हणाले, "नवीन माणसास ओळखत नाही अजून. लेकी, चार दिवस थांब."

गच्चीच्या जिन्याला चौथी पायरी नव्हती. तिसरीनंतर थेट पाचवी. कोणीही जिन्याकडे वळलं, की ओट्यावरून रायरांची आरोळी यायची, "नालावदु पडि इल्लै!" म्हणजे चौथी पायरी नाही. आईला आलेलं पहिलं तमिळ वाक्य तेच. दुसरं शिकेपर्यंत ती ते सगळीकडे वापरायची. भाजीवाली हसायची आणि मूठभर कोथिंबीर जास्त द्यायची.

या सगळ्यावर उपाय एकच होता, रायर स्वतः. गवंडी, सुतार, वायरमन, कुणालाही त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, सुतळी आणि एक पक्कड घेऊन ते यायचे आणि दिसेल ते बांधून टाकायचे. नळ बांधलेला, खिडकी बांधलेली, पंख्याचा रेग्युलेटर बांधलेला. स्वयंपाकघरावरचं कौल फुटलं, की या वयात शिडी चढून नवीन कौल बसवायचे. नवीन म्हणजे जुनंच, हाताने थापलेलं, अर्धगोल. असली कौलं आता कुणी करत नाही. "मिळतात कुठे तुम्हाला?" मी विचारलं, तर म्हणाले, "आहे एक ठाव."

आईचं आणि त्यांचं भांडण रोज सकाळी दहाला सुरू व्हायचं. मी बसने कामाला गेले की आई तक्रारींची यादी घेऊन ओट्यावर जायची. संध्याकाळी मला सगळं ऐकवायची. "आज काय म्हणाले माहितीये? भिंतीला ओल नाही म्हणे, घाम आहे! भिंतीला घाम!" रागाने सांगायची, पण सांगताना जेवण दोन घास जास्त जायचं. दुसरं घर बघू या का म्हटलं, की म्हणायची, "बघू. आधी त्या घामाचा निकाल लागू दे."

ऐप्पसीचा तमिळ महिना आला. आपल्याकडे पाऊस आटोपून दिवाळीची झाडलोट चालते, तेव्हा इथे खरा पाऊस सुरू होतो. आठवडाभर धरून बसला होता. एका दुपारी जरा उघडीप होती. आई जेवून आडवी झाली, तर नळाचा खोकला काही थांबेना. वैतागून ती उठली आणि मागच्या अंगणात फुलं तोडत असलेल्या रायरांना गाठलं. रायर नळाची बाजू मांडू लागले. नळ कोणत्या विहिरीतून पाणी घेतो, ती विहीर कुणी खणली, तेव्हा पाणी किती हातांवर लागलं. आई म्हणते, "मी तीनदा जायला निघाले आणि त्यांनी तीनदा 'बैसा अक्का, अजून मुद्दा आला नाही' म्हणून थांबवलं."

मुद्दा आलाच नाही. आतून धाडकन आवाज आला. आईच्या खोलीच्या छताचा चांगला परातीएवढा तुकडा, विटा आणि चुन्यासकट, तिच्या पलंगावर पडला होता. बरोबर उशीवर.

मी घरी आले तेव्हा आई रायरांची छत्री डोक्यावर धरून अंगणातल्या दगडावर बसली होती आणि रायर तिच्यासमोर भिजत, हात जोडून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी उशी पाहिली. मग माझं तोंड सुटलं. "आता स्वभाव-बिभाव काही ऐकायचं नाही मला. उद्या सकाळी मिस्त्री आला पाहिजे. आणि आज आई तुमच्या भागात झोपेल, तिथलं छत तरी धड असेल ना?"

"तिकडे नको," ते पुटपुटले.

"का नको?" मी आईचा हात धरून तशीच त्यांच्या दारातून आत शिरले. दीड वर्षात पहिल्यांदाच. एरवी ते ओट्यावरच भेटायचे, ओट्यावरच वाचायचे, वाऱ्यासाठी म्हणून ओट्यावरच झोपायचे.

आतल्या मोठ्या खोलीत पाऊस पडत होता. छतातून नव्हे, आभाळातून. वरच्या वाशांवर कौलंच नव्हती. एका कोपऱ्यावर तेवढं निळं प्लास्टिक ताणलं होतं. त्याखाली देव, तांदळाचा डबा आणि बायकोचा फोटो. बाकी फरशीवर शेवाळ. मला आमच्या स्वयंपाकघरावरची ती अर्धगोल कौलं दिसली, इथून एकेक करून तिकडे चढलेली.

"तुमच्या बाजूस भाडेकरू राहतांत," रायर खाली बघून म्हणाले. "तुमचे पहिले झाकावे लागते. मला काय, ओटा आहे."

"पण मिस्त्री का नाही बोलावला कधी?" आईने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

ते बायकोच्या फोटोकडे वळले. मग म्हणाले, "ही गेली त्या वर्षी एक इंजिनिअर आणला होता. आत नाही आला. उंबऱ्यावरून पाहिले आणि म्हणाला, पाडा. नाडीसुद्धा नाही पाहिली, अक्का. तेव्हापासून मला भय. दुसराही तेच म्हणाला तर मग मी काय करू?"

त्या संध्याकाळी आम्ही माझ्या कामावरच्या एका मैत्रिणीकडे राहायला गेलो आणि दोन दिवसांनी मीच जवळच्या नाचियारकोविल गावचा एक म्हातारा मिस्त्री घेऊन आले. रायर ओट्यावर बसून राहिले, आत यायची त्यांची छाती होईना. मिस्त्रीने तासभर भिंती ठोकल्या, वाशांना नखं लावली, गच्चीवर गेला. बाहेर येऊन तमिळमध्ये म्हणाला, "मागच्या खोल्या उतरवाव्या लागतील. वासे कुजलेत. पुढच्या भागाला मात्र काही झालेलं नाही, वासे सागाचे, भिंती दगडासारख्या आहेत. कौलं घाला, शंभर वर्षं उभं राहील."

"पुन्हा म्हणा," रायर म्हणाले.

मिस्त्रीने पुन्हा सांगितलं. रायरांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने माझ्याकडे बघून, यांना ऐकू कमी येतं का, अशी खूण केली. रायर पंच्याने डोळे पुसत होते.

मागच्या खोल्या उतरवल्या. आम्हाला बसस्टँडजवळ नव्या इमारतीत घर मिळालं. भिंती सरळ, नळ मुका, प्रत्येक दिव्याला स्वतःचं बटण. घरमालक परगावी असायचे, कधी दिसलेच नाहीत. आईने दोन दिवस घरभर फिरून तक्रारीजोगं काही सापडतंय का बघितलं आणि तिसऱ्या दिवशी टीव्ही लावून बसली. सकाळचे दहा वाजले की मात्र उगाच उठायची आणि चष्मा शोधायची.

रायरांचं छत पुरं झालं तशी मी त्यांना एका रविवारी जेवायला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, केळफूल घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले. घर कसं झालं, विचारलं तर म्हणाले, "चांगले. कोरडे आहे." आमचं घर कसं वाटलं, विचारलं तर म्हणाले, "चांगले." मग बोलणं संपलं. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

"करमतं ना?" आईने विचारलं.

"परवाइल्लै," म्हणजे ठीक आहे. मग टेबलावरच्या कापडाची चुणी बोटाने सारखी करत म्हणाले, "मराठीत बोलायला आता घरात देवच आहे, अक्का. सकाळी बोलतो त्याच्याशी. ऐकतो बापडा. पण भांडत नाही."

आई उठली. स्वयंपाकघरात गेली. मी पाठोपाठ गेले तर आमटी उकळत होती, गूळ मघाशीच पडला होता. आईने डबा उघडला, लिंबाएवढा आणखी एक खडा काढला आणि माझ्याकडे न बघता त्यात सोडला.

रायरांनी पहिला घास घेतला आणि थांबले. वाटी उचलून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"सांबारात गूळ चुकून पडला काय?"

"ही आमटी आहे," आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि चुकून काही पडत नाही माझ्या हातून."

"आमटी?" रायर खुर्चीत मागे सरकून चांगले ऐसपैस बसले. "बैसा अक्का. बैसा, सांगतो."