शिक्क्याखालचा नंबर

"पोत्यावर शिक्का दिसला की झालं! आतला माल कोण बघतो?" असं म्हणून शेठनी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचीच पाठ थोपटली.

शेठ नावाचेच शेठ. शेडमध्ये मशिनं दोन, त्यातलं एक बंद. लाकडाचा भुसा दाबून पेन्सिलीएवढ्या कांड्या करायच्या आणि बॉयलरवाल्यांना जाळायला विकायच्या, हा धंदा. माल चोख होता, पण त्यावर शेठचाच विश्वास नव्हता!

अशात मुलींच्या वसतिगृहाची वर्षभराची ऑर्डर निघाली. मिळाली तर दुसरं मशीन सुरू होणार, हुकली तर पहिलंही विकायची पाळी. अट एकच, पोत्यावर गुणवत्तेचा सरकारमान्य शिक्का हवा. त्यासाठी अर्ज करायचा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. एक पानी अर्ज दोन वर्षं शेठच्या खणात पडून होता. नमुना नापास झाला तर, या विचारानंच त्यांना घाम फुटायचा.

म्हणून त्यांनी छापखानेवाल्याला फोन लावला. "दुसऱ्या कुणाच्या पोत्यावरचा शिक्का बघ आणि हुबेहूब छाप!"

"त्याच्याखाली नोंदणी नंबर असतो, शेठ. तो कुठला घालू?"

"घाल रे कुठलाही! कोण बघतंय!"

छापखानेवाला सरळ माणूस. मनचा नंबर घालणं त्याला पटेना. समोरच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर एक नंबर होता, तोच त्यानं छापून टाकला. शेठ स्वतः कधी फोन उचलत नसल्यामुळे चिठ्ठीवर नंबर असायचा त्यांच्या बायकोचा!

तीनशे पोती वसतिगृहात पोचली. दोन दिवसांनी शेठ जेवायला बसले होते, तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिचे हात ओले होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, गुणवत्ता प्रमाणपत्राचं ऑफिस ना? मी वसतिगृहाची अधीक्षक बोलतेय. पोत्यावरच्या शिक्क्याखाली हा नंबर आहे."

शेठचा घास घशातच अडकला. दोन्ही हात हलवून ते 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करू लागले.

"ऑफिस? हे माझं स्वयंपाकघर आहे हो!" बायको म्हणाली.

"मग हा शिक्का?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. पाण्याच्या पेल्यामागे तोंड लपवायचा प्रयत्न चालला होता. तिला सगळं कळलं.

"शिक्का खोटा आहे, बाई. पण कांड्या खऱ्या आहेत! तीन वर्षं माझ्या शेगडीत त्याच जळतायत. धूर नाही, राख मूठभर. आमच्या ह्यांच्या प्रत्येक गोष्टीला मी नावं ठेवते, पण ह्या मालाला नाही ठेवणार!"

शेठ खोकायचंच विसरले. एवढं कौतुक त्यांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं होतं. भीतीनं की आनंदानं कोण जाणे, पण डोळे भरून आले.

"उद्या येते," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

शेडवर आल्या त्या वसतिगृहाच्या बॉयलरवाल्याला आणि दोन पोती घेऊनच. त्यानं शेडमधल्या चाचणीच्या भट्टीत ती जाळली, राख बोटांवर घासली आणि मान डोलावली.

"माल उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "शिक्का मात्र गुन्हा आहे, शेठ! सगळी पोती परत न्या आणि रीतसर अर्ज करा. आमचा जुना साठा दोन महिने पुरेल. तेवढ्यात प्रमाणपत्र आलं तर ऑर्डर तुमची."

शेठ हात जोडून म्हणाले, "माझ्यासारख्याला अजून एक संधी देताय, बाई..."

"तुम्हाला कुठे? ती मी तुमच्या ऑफिसला देतेय!" बाई त्यांच्या बायकोकडे बघून म्हणाल्या.

मग नवरा-बायकोनं मिळून उरलेली सगळी पोती रिकामी केली आणि साध्या पोत्यांत भरली. पाठ मोडली, पण शेठ शीळ वाजवत होते. नमुना पहिल्याच झटक्यात पास झाला! खरा शिक्का आला, दुसरं मशीन धडधडू लागलं. नव्या पोत्यांवरचा नंबर शेठनी स्वतः तीनदा तपासला.

तरी बायकोचा फोन वाजायचा थांबलेला नाही. बॉयलरवाले आपापसात तो नंबर वाटतात. "ताई, ह्यांचा माल घेऊ का?"

"माल घ्या बिनधास्त!" बायको सांगते.

"आणि शेठ कसे आहेत?" परवा एकानं विचारलं.

शेठनी कान टवकारले.

"तपासणी चालू आहे," ती म्हणाली. "निकाल राखून ठेवलाय."