कोठडीतील गनीम आणि चौदा दिवसांची मोहीम

कन्या संस्कृतीबाईसाहेब, उमर साल चार, थोर होऊन पुसतील की आमचे अंगी गनीम शिरला तो कैसा आणि निघाला कैसा, तेव्हा जबाब तयार असावा, सबब हे वर्तमान लिहिले ऐसी जे.

शके १९२९, श्रावणमास, मुक्काम खराडी, मजला तिसरा. बाईसाहेबांस आठ रोज ताप हटेना आणि मग रक्त तपासता टायफॉइड निघाला. मातोश्री भाग्यश्रीबाई, हिंजवडीचे संगणक-कचेरीतील मातब्बर सरदार, रजा टाकून जातीने डॉक्टरांचे दरबारी गेल्या. डॉक्टरांनी गनिमाचे कपट उघड केले ते ऐसे: अंगातील पांढरे शिलेदार जंतूस अख्खा गिळतात आणि पोटातील कोठडीत कोंडून वर जहर ओततात, हा कदीम रिवाज. परंतु हा जंतू महाहरामखोर. त्याजपाशी अतिसूक्ष्म सुई, ती कोठडीचे भिंतीत खुपसून तो शिलेदाराचे अंगात बनावट फर्माने सोडतो, आणि मग जहराच्या गाड्या भलतीकडेच वळतात, शिलेदार बेखबर, आणि कैदी कोठडीतच संसार थाटून पोरेबाळे वाढवितो. सबब औषध चौदा दिवस, एक रोज कमी नाही, ऐसा हुकूम जाहला.

औषधाचे सहावे रोजी ताप उतरला. सासूबाई मुक्ताईसाहेब, वतन वर्धा, यांनी फत्ते परस्पर जाहीर करून बाटली कपाटावर चढविली. "पोरगी तं उड्या मारते आता. कायले पाजून राह्यली वं ते कडू?"

मातोश्रींचेही मन डळमळले, कारण बाईसाहेब दात आवळीत आणि मग थुंकीत, तीन कुडते बरबाद जाहले. सबब डॉक्टरांस फोन लाविला. डॉक्टर अस्सल पुणेकर.

"ताप गेला म्हणजे मीही गेलो, असं जंतूने लिहून दिलंय का तुम्हाला?"

हसऱ्या लेकराचे अंगी गनीम दबा धरून बसला आहे, हे मातोश्रींस उमजले. स्टुलावर चढून बाटली उतरविली, कन्येस मांडीवर घेतले आणि कोठडीची हकीकत बयाजवार सांगितली.

"त्याच्याकडे सुई आहे?"

"आहे ना, पिल्लू."

"मग मला पण दे!"

बिनसुईची पिचकारी औषधाने भरून हाती दिली, आणि बाईसाहेबांनी ती स्वहस्ते आपले मुखी सोडिली, तोंड वाकडे केले, परंतु गिळले. मग पाणी भरून आजीकडे वळल्या. "आजी, आ कर."

"मले कायले वं?"

"तुझ्यात पण लपला असेल."

मुक्ताईसाहेबांनी मुकाट्याने आ केला.

ऐसे रोज होत होत चौदावे रोजी, श्रावण वद्य द्वितीयेस, दोन प्रहरी बाटली रिती जाहली. डॉक्टरांनी तपासून गनीम नेस्तनाबूत ऐसा निर्वाळा दिला. मातोश्री घरी येऊन सोफ्यावर टेकल्या, त्या पायातील चपलांसकट निजल्या. मोबाईल कचेरीचे नावे घणघणू लागला, तो बाईसाहेबांनी उशीखाली दाबला आणि आजीस ताकीद दिली, "शू! आई झोपलीये."

मातोश्री चार घटका निजल्या. फत्ते मुकम्मल जाहली.