बंकटच्या अंगातलं ऊन

"कमी? माज्या अंगात ऊन कमी?" बंकट खुर्चीवरून असा ताडकन उठला की दुखरा गुडघाही विसरला. "डाक्टरीणबाई, मिसरूड फुटल्यापासनं शिरूरच्या माळावर शेळ्या राखतोय मी! तुमची मशीन बिघडली असंल."

"मशीन ठीक आहे," डॉ. शाहीन म्हणाल्या. "तुमचं व्हिटॅमिन डी फारच कमी आहे. भामाबाईंचं मात्र उत्तम आहे."

घाव वर्मी बसला तो इथं. बायकोचं रक्त तपासायचा हट्ट बंकटचाच होता. "हिचं बी घ्या, सावलीत बसून काय व्हतं ते कळू द्या हिला," असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. त्याचा सगळा संसारच या एका गोष्टीवर चालायचा. तो उन्हात राबतो, ती सावलीत असते. म्हणून संध्याकाळी खाट त्याची, दुधाचा मोठा पेला त्याचा, आणि पाय चेपायचे ते भामाबाईनं. आता रक्ताच्या चार थेंबांनी ही सगळी ऐट धोक्यात आणली, तर माणूस चिडणार नाही तर काय?

"आवो, मी रोज तांब्याभर दूद पितो!" तो गरजला.

"नुसतं पिऊन काय उपयोग? कातडीला ऊन लागलं की डी तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंडातून जाताना त्याचं संप्रेरक बनतं. ते आतड्याच्या पेशींत शिरतं आणि तिथल्या जनुकांना जागं करतं, की उठा, कॅल्शियम उचलणारी प्रथिनं बनवा. जागं करणारंच नसेल, तर दुधातलं बरंचसं कॅल्शियम तसंच निघून जातं."

भामाबाई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. आता तिनं पदर खोचला.

"म्हंजी माज्या वाटचं दूद ह्यांनी पेलं, अन् ते परसाकडं गेलं?"

"बरंचसं," डॉक्टर म्हणाल्या.

"अवो, मग दिसभर असता तरी कुटं तुमी?"

"माळावर! इस्वास न्हाई व्हय? थांब, साक्षीदारच आनतो."

बिभीषण हा त्याचा माळावरचा जोडीदार. दोघांना मोटारसायकलवर घेऊन तोच आला होता आणि बाहेर थांबला होता. बंकटनं त्याला दंडाला धरून आत आणलं.

"सांग बे हिला, मी दिसभर काय करतो!"

मित्राच्या इज्जतीचा सवाल होता. बिभीषणानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. "वैनी, ह्याच्याएवढा इमानदार गडी न्हाई. सकाळी लिंबाखाली घोंगडी टाकली, की दिस कलेस्तोवर जाग्यावरनं हालत न्हाई. माजी घोंगडी बाजूलाच असती ना, मला म्हाईत हाय!"

डॉक्टरांनी औषधाच्या पुड्या दिल्या आणि रोज उघड्या अंगानं उन्हात बसायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी भामाबाईनं काठी उचलली.

"शेळ्या मी नेते. घरचं तुमी बघा."

हापशाचं पाणी, गोवऱ्या, धुणं, पत्र्यावर वाळत घातलेली डाळ! पहिल्याच दुपारी बंकट घामानं निथळला. ज्या सावलीवरून तो बायकोला जन्मभर टोमणे मारत आला, ती या घरात कुठंच नव्हती. "ह्या घराला सावली कावून न्हाई?" तो ओरडला. ऐकायला कुणी नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डी भरलं होतं, गुडघाही दुखायचा थांबला होता. बंकट छाती पुढं काढून घरी आला.

"भरलं माजं! आन ती काठी इकडं."

"न्हाई देत. एवढ्या मेहनतीनं भरलंय, ते परत लिंबाखाली नेऊन घालवायचं?"

"अन् तितं बसून तुजं कमी झालं म्हंजी?"

भामाबाईनं शेळ्या माळाकडं वळवल्या.

"व्हऊ द्या की! इतक्या वर्सांचं साठलंय. पुरवून पुरवून वापरते."