वाळूतला पाणघोडा

मुंगीच्या बाबांचे हात कधी स्वस्थ राहत नसत. लिफ्ट दुरुस्त करायचं काम, त्यामुळे हातात पाना नसला की बोटं शिवशिवायची. लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी होणाऱ्या सासूबाईंच्या दाराची कडी उगाच काढून परत बसवली होती. तेव्हा सासूबाई कौतुकाने हसल्या होत्या. आता त्या गेले चार महिने लेकीकडे मुक्कामाला होत्या आणि कडी दिसली तरी हसत नव्हत्या.

अशा माणसाला खेळताईंनी खेळघरात एकटं सोडायला नको होतं.

मुंगी सात वर्षांची. घरात बडबडून सगळ्यांचे कान किटवायची, पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेत वर्षभरात एक शब्द नाही. म्हणून दर गुरुवारी तिला खेळताईंकडे नेत. तिथे रंग होते, माती होती, बाहुल्या होत्या आणि टेबलाएवढी वाळूची पेटी होती. जे बोलता येत नाही ते मुलांनी खेळातून मांडायचं. मुंगी खेळायची मनापासून, पण तीन महिन्यांत ताईंशीही अवाक्षर बोलली नव्हती. खेळघराचा नियम एकच होता: वाळूत मांडलेला खेळ ज्याचा त्यानेच मोडायचा. तोवर त्यापुढे त्याच्या नावाची चिठ्ठी उभी असायची आणि तिला मोठ्यांनीही मान द्यायचा.

त्या गुरुवारी बाबा तिला न्यायला लवकर पोचले. मुंगीचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, म्हणून ताई तिला धुवायला घेऊन गेल्या. बाबा वीतभर खुर्चीत कसेबसे मावले. समोर वाळू, शेजारच्या फळीवर खेळणी. आधी त्यांनी वाळू नुसती सपाट केली. मग एक घर ठेवलं. घराला अंगण, अंगणाला कुंपण. अंगणात एक पाणघोडा, तोंड वाळूत खुपसून पालथा. त्याच्या पाठीवर एक बस, बसवर भांड्यांची चळत. छपरावर झाडू घेतलेली चेटकीण, तिची नजर बरोब्बर पाणघोड्यावर. कामगिरी इतकी फक्कड जमली होती की बाबा स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात पावलं वाजली. बाबा दचकून उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवता सोडवता ते दाराबाहेर गेले आणि खेळ मोडायचा राहून गेला. चप्पल घालायच्या आधी मुंगी एकटीच आत जाऊन आली. दप्तर विसरलं असेल, असं बाबांना वाटलं.

शनिवारी ताईंनी मुंगीला वगळून घरातल्या तिघांना बोलावलं आणि पुढ्यात एक फोटो ठेवला. तोच पाणघोडा, तीच चेटकीण आणि पुढे चिठ्ठी: मुंगी.

"मी अर्थ काढत नाही," ताई म्हणाल्या. "आणि घरी तिला कोणी काही विचारायचं नाही, तो तिचा खेळ आहे. फक्त बघा. तोंडात वाळू आहे, पाठीवर ओझं आहे आणि कुंपणाला फाटक नाही."

आईला रडू फुटलं. एवढंसं लेकरू आणि मनात हे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाबांचेही डोळे भरून आले, कारण फाटक ठेवायचं राहिलं हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने हात घट्ट धरला.

"अहो, आपण चुकलो."

तोंड मिटलं. सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो जवळ घेतला. "ही छपरावर कोण?"

"ते त्या पाणघोड्यालाच ठाऊक," ताई म्हणाल्या. पाणघोडा खाली बघत होता.

मग घर कामाला लागलं. मुंगी बोलत असताना मध्ये कोणी बोलायचं नाही, असं ठरलं. तिच्या पाठीवर ओझं नको म्हणून तिचं गुलाबी दप्तर बाबा खांद्याला लावून शाळेपर्यंत चालू लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास सगळ्यांनी जमिनीवर बसून खेळायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मगरीचं सोंग घेतलं ते सोडलंच नाही. बोटांना कपड्यांचे चिमटे लावून त्या सोफ्यामागून सरपटत यायच्या आणि जावयाची पोटरी धरायच्या. मुंगी खिदळायची, आणि मधूनच बाबांना उशी आणून द्यायची, "तुम्ही झोपा जरा." बाबांना हसावं की रडावं कळेना. कहर म्हणजे बुधवारी आईने नोकरी सोडायचा अर्ज लिहिला. लेकीपेक्षा काय मोठं आहे, असं तिचं म्हणणं. आवडती नोकरी होती ती. आता कबुली दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गुरुवारी अर्ज पर्समध्ये घालून सगळी फौज खेळघरात पोचली. ताईंनी पेटीवरचं कापड काढलं. बाबांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला. पण सासूबाईंना ते दृश्य बघवेना. "त्या मुक्या जनावराला आधी बाहेर काढते," म्हणत त्यांनी हात घातला.

"आजी, हात नको लावू," मुंगी म्हणाली. खणखणीत, ताईंच्या देखत. "ते बाबांचं आहे."

सासूबाईंनी हात मागे घेतला.

"त्यांच्या नावाची चिठ्ठी नव्हती. कोणी मोडलं असतं ना, म्हणून मी माझी लावली."

आईने तिला उचलून छातीशी धरलं आणि आधी रडली, मग हसत सुटली. अर्ज पर्समध्येच चुरगळला. ताईंचा आवाजही ओला झाला होता. आणखी काही सांगायचंय का, असं त्यांनी हळूच विचारलं. मुंगीला सांगायचं होतं. पंधरा मिनिटं ती थांबलीच नाही. बस म्हणजे बाबांचं काम, भांडी म्हणजे रविवारची कामं. छपराशी येऊन मात्र ती अडखळली.

"ते बाबाच सांगतील."

तिघीजणी बाबांकडे बघू लागल्या. मुंगीच्या तोंडाचं कुलूप आता बाबांच्या तोंडाला लागलं होतं.

ताईंनी त्यांच्यापुढे एक कोरी चिठ्ठी सरकवली. मुंगीला आता एक गुरुवार सोडून आणलं तरी चालेल, म्हणाल्या, मधला गुरुवार रिकामाच आहे.

"लिहा नाव, जावईबापू," सासूबाई पिशवीतले चिमटे काढून बोटांना लावत म्हणाल्या. "तुम्हाला आणायला-सोडायला मी आहेच की अजून चार महिने."