चार सेंटिमीटरची फरशी

दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात ज्यांची अठ्ठावीस वर्षं गेली, त्या गृहस्थांना सगळा बाजार मापसाहेब म्हणायचा. छातीत कळ येऊन चार दिवस हॉस्पिटलात काढल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि साहेबांनी मागच्या खोलीत जिम करायचं ठरवलं. बायकोला बरं वाटलं. त्या चार दिवसांचा धसका तिच्या मनातून गेला नव्हता. साहेबांनी दुपारी डुलकी घेतली, तरी श्वास चालू आहे ना, हे ती दोनदा बघून जायची.

घर भाड्याचं, खालच्या मजल्यावर मालकीणबाई. म्हणून फरशीवर अंथरायचे आणि घर सोडताना उचलून नेता येतील असे रबरी चौकोन घ्यायचे ठरले. दुकानदाराने पातळ दाखवले. साहेबांनी चार सेंटिमीटर जाडीचे मागितले. (उडी अजून एकही मारली नव्हती, पण तयारी दांडगी असावी.) खोली त्यांनी तीनदा मोजली, लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत.

रविवारी सकाळी दारामागचा कोपराही नीट बसावा म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि तिथूनच सुरुवात केली. चौकोनांचे दाते एकमेकांत ठोकून बसवायचे होते. दोन तासांत खोली भरली. कडेला कागदही शिरेना. साहेब खुशीत बायकोला दाखवायला निघाले, तर दार उघडेना. दार आत उघडणारं आणि त्याच्या खाली फट जेमतेम एक सेंटिमीटरची. (आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली खोट काढली, आता हे सांगायचं कुणाला?)

"अहो, दार का लावलंय?"

"लावलं नाही. अडकलंय."

"कशाला?"

"फरशी जरा जाड झाली."

दाते असे रुतले होते की पलीकडच्या भिंतीपासून एकेक चौकोन उपटत येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकूण छत्तीस. सहाव्यालाच साहेबांना धाप लागली आणि ती बाहेर ऐकू गेली.

"राहू द्या. मी सुताराला बोलावते."

"तो दार कापेल आणि मालकीणबाई आपल्याला."

"मग बोलत राहा. गप्प झालात तर मीच दार फोडीन."

तिचा आवाज कापत होता. साहेबांना एकदम भरून आलं. हॉस्पिटलात आपण नुसते पडून होतो. दाराबाहेर बसून सोसलं ते हिनं. इतक्या दिवसांत हे आपल्या डोक्यातही आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. मग ते मोठ्याने चौकोन मोजू लागले. दम घ्यायला थांबले की बाहेरून विचारणा व्हायची, "पुढे?"

दार उघडलं तेव्हा साहेब घामाने निथळत होते. तिने आधी त्यांचं मनगट धरून नाडी पाहिली, मग स्वतःचे डोळे पुसले.

"पातळ चौकोन बदलून आणतो," साहेब म्हणाले. "उद्यापासून व्यायाम नक्की."

"काही आणू नका. उद्या माझ्याबरोबर फिरायला चला," ती म्हणाली. "रस्त्याला दार नसतं. आणि तो दुसऱ्या कुणीतरी मोजलाय."