कारवीची शेवटची बरणी

एका जंगलात, मुलांनो, रोज शेवटचा दिवस असे.

जगाचा नव्हे, घाबरू नका. सेलचा.

त्या जंगलात सगळी खरेदी मोबाइलवर चाले. जंगलात टॉवर कसा आला, असं मधेच विचारू नका. तुमच्या गल्लीत कसा आला ते तरी कुठे तुम्हाला ठाऊक आहे? तर 'झाडोझाड' नावाचं एक ॲप होतं आणि ज्याला म्हणून शेपूट होतं त्याचं त्यावर दुकान होतं.

मुंगूस साप पळवणाऱ्या चटया विकायचा. 'शेवटच्या दोनच!' असं त्याच्या दुकानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असे. तीन वर्षं झाली तरी त्या दोन चटया काही संपत नव्हत्या. सुगरण पक्षी खोपे विकायचा. 'या क्षणी अकरा जण हाच खोपा बघत आहेत', असं तिथे चमकत राही. ते अकराही जण त्याच्या सासुरवाडीचे होते. मगरीच्या दुकानात तर घड्याळच होतं. ऑफर संपायला बारा तास, अकरा तास, दहा तास, असं करत ते शून्यावर यायचं, जरा दम खायचं आणि पुन्हा बारावर जाऊन बसायचं. माकडं त्यावर जेवणाची वेळ लावत.

याचा परिणाम असा झाला की त्या जंगलात कुणी घाईच करेना. आज संपणारं उद्याही संपणारच असतं, हे अगदी पाडसांनाही कळून चुकलं होतं.

अशा त्या जंगलात सगुणाक्का नावाची अस्वलीण मध विकायची. अंगाने थोराड, बोलायला सरळ. तिच्या बरणीवर फक्त 'मध' असं लिहिलेलं असे, आणि आत मधच असे. त्यामुळे धंदा बेताचा होता.

त्या वर्षी कारवी फुलली.

कारवी म्हणजे डोंगरउतारावरचं झुडूप. सहा वर्षं ते नुसतं उभं असतं आणि सातव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करून टाकतं. मग वाळून जातं. त्या फुलांचा मध दाट असतो, काळसर असतो, आणि एकदा जिभेला लागला की दुसरा मध मिळमिळीत वाटतो. सगुणाक्काने आयुष्यात असे तीन बहर पाहिले होते. पोळं काढायचं ते अर्धंच, अर्धं मधमाश्यांना सोडायचं, ही तिच्या घरची रीत. म्हणून मध भरला तो चाळीस बरण्या. एकेचाळिसावी नाही.

तिने ॲपवर लिहिलं : 'कारवीचा मध. चाळीस बरण्या. संपल्या की पुढची सात वर्षं नाही.'

तीन दिवस एकही बरणी गेली नाही. खाली प्रतिक्रिया मात्र भरपूर आल्या. 'सात वर्षं? फेकायची तरी किती!' असं रानडुकराने लिहिलं. 'मुंगूस निदान दोन चटयांच्या वर जात नाही', असं भेकराने लिहिलं आणि त्याला शंभर जणांनी अंगठा दाखवला.

सगुणाक्काला लोकांचं एवढं वाटलं नाही. तिला काळजी होती ती शेजारच्या धोंडिबाची.

धोंडिबा ससा मागचा बहर सरल्यावर महिन्याभराने जन्मला होता. त्याची आई त्याला कारवीच्या मधाच्या गोष्टी सांगून झोपवायची. आता धोंडिबाला सात वर्षं झाली होती. तुम्ही सात वर्षांचे असलात तर दुसरीत असता. ससा सात वर्षांचा असला तर आजोबा असतो. पुढच्या बहराला धोंडिबा असणार नव्हता. हे सगळ्या जंगलाला दिसत होतं, फक्त त्याला सोडून.

सगुणाक्का पहिल्याच दिवशी बरणी घेऊन त्याच्या बिळाशी गेली होती.

"घे रे. तुझ्यासाठी आणली. पैसे नकोत."

धोंडिबाने बरणी उलटीपालटी करून बघितली. "फुकट? आणि बारीक अक्षरांत काय लिहिलंय?"

"काही नाही लिहिलेलं."

"म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. अक्का, मी काय कालचा नाही. मी ॲपवरच घेईन. टोपलीत टाकून ठेवलीय कधीची. सेल संपला की दुसरा लागतो, तेव्हा भाव उतरतो. बघच तू."

चौथ्या दिवशी टिटवी मॅडम आल्या. टिटवीचं तुम्हाला ठाऊक आहे. पान पडलं तरी ती आकाश पडल्यासारखी ओरडते. या गुणाचं तिने शास्त्र केलं होतं आणि 'ग्राहकाला घाई कशी लावावी' याचे वर्ग ती चालवायची.

"सात वर्षं काय लिहिता?" टिटवी मॅडम म्हणाल्या. "सात मिनिटं लिहा."

"पण खरंच सात वर्षं आहेत."

"तिथेच तर घोळ आहे! खरं लिहिलं की लोक पुरावा मागतात. खोट्याला कुणी मागत नाही, सवय असते."

सगुणाक्का रागावली नाही. ती विचार करू लागली. पुरावा पाहिजे ना? मग देऊ की.

तिने चाळीसच्या चाळीस बरण्या गुहेतल्या एका फळीवर ओळीने मांडल्या. मोबाइल समोरच्या कपारीत खोचला आणि ॲपवर थेट चित्रण चालू ठेवलं. खाली लिहिलं : 'फळीवर आहे ते सगळं विकायला आहे. फळीवर नाही ते माझ्याकडे नाही. कुणीही येऊन गुहा झाडून बघावी.'

साळिंदर खरोखरच आलं. त्याने कोपरान् कोपरा हुंगला, सगुणाक्काच्या अंथरुणाखाली काटा घालून बघितला, मग डोंगरावर जाऊन वाळलेली कारवीही बघून आलं. मागे लपवलेलं काहीच नव्हतं. त्याने मुकाट्याने एक बरणी घेतली.

फळीवर एकोणचाळीस राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही एकोणचाळीसच होत्या. जंगल चक्रावलं. आकडा कमी झाला आणि परत वाढला नाही, असं त्या जंगलात आजवर कधी घडलं नव्हतं. माकडांनी पाळी लावून पहारा केला. भेकराने घाबरत एक घेतली, आणि अडतीस झाल्या. त्या अडतीसच राहिल्या.

मग जी धांदल उडाली ती काय सांगू! गव्यांनी पाच एकदम घेतल्या. रानडुकराने प्रतिक्रिया खोडली आणि दोन घेतल्या. मगरीने स्वतःच्या घड्याळाकडे न बघता चार घेतल्या. ज्याने त्याने आपली बरणी तिथेच चाटूनपुसून रिकामी केली. दुपार कलायच्या आत फळीवर एक बरणी उरली.

धोंडिबाचा पत्ता नव्हता.

ती बरणी उचलून बाजूला ठेवावी असं सगुणाक्काच्या मनात आलं. हात पुढेही गेला. पण सगळं जंगल बघत होतं आणि फळीवरचं सगळं विकायला आहे, हे तिनेच लिहिलं होतं. स्वतःच विकत घ्यावी तर तो सुगरण पक्ष्याचा धंदा झाला. तिने हात मागे घेतला आणि धावत सुटली. अस्वल उतारावर धावतं तेव्हा ते धावतं की गडगडतं ते कळत नाही, पण ती पोचली.

"धोंडिबा! एकच राहिली. दाब ते बटण!"

"एकच राहिली?" धोंडिबा मिशीत हसला. "म्हणजे आता भाव पडेल. थांब थोडी."

"धोंडिबा, पुन्हा सात वर्षांनीच आहे रे."

"मग सात वर्षांनी घेईन."

सगुणाक्का धापा टाकत खाली बसली. आतापर्यंत सगळ्यांना तिने सगळं खरं सांगितलं होतं. हे एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि ते तिला सांगवत नव्हतं.

"सात वर्षांनी तू नसशील, धोंडिबा."

धोंडिबाचे उभे कान हळूहळू खाली आले.

"म्हणजे माझी मुदत..."

"हो."

"वाढवून नाही मिळायची?"

"नाही रे."

"सगळे वाढवतात गं," धोंडिबा म्हणाला. सगुणाक्काला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मग त्याने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : 'क्षमस्व. ही वस्तू नुकतीच विकली गेली.'

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

शेवटची बरणी टिटवी मॅडमनी घेतली होती. दोघंही चढ चढून त्यांच्याकडे गेली. धोंडिबा सात वर्षांत प्रथमच घाईने चालत होता, आणि तीनदा थांबला. टिटवी मॅडमनी बरणी वर्गाच्या दारात उंच दगडावर ठेवली होती. खाली पाटी होती : 'शेवटची एक!'

"मॅडम, ही मला द्या," धोंडिबा म्हणाला. "म्हणाल तो भाव देतो."

"अहो, विकली तर शेवटची एक म्हणून दाखवू काय?" टिटवी मॅडम म्हणाल्या. "जंगलातली ही एकमेव खरी शेवटची वस्तू आहे. विद्यार्थ्यांना नमुना नको?" मग सगुणाक्काकडे वळून त्या कौतुकाने म्हणाल्या, "मान गये! सात वर्षांची थाप, पण काय वठवलीत!"

धोंडिबाला सगुणाक्काने पाठीवर घेतलं आणि गुहेत आणलं. मध गाळायचं फडकं अजून धुवायचं राहिलं होतं. तिने ते पिळलं. थेंब काही पडला नाही. तेव्हा तिने ते तसंच त्याच्या तोंडाशी धरलं.

धोंडिबा फडकं चोखू लागला. बराच वेळ तो डोळे मिटून चोखत होता. त्याची मिशी, नाक, कानाचं एक टोक, सगळं चिकट झालं.

"आई म्हणायची तस्साच आहे गं," शेवटी तो म्हणाला. मग रागावून म्हणाला, "आधी नाही का सांगायचं!"

तात्पर्य : शेवटचा दिवस आहे असं कुणी सांगितलं तर मुळीच घाई करू नये. मुदत वाढतेच. फक्त ती दुकानाची आहे की आपली, एवढं एकदा विचारून घ्यावं.