तेविसावा वाटा

"लहानी घ्या! डोळे मिटून लहानी घ्या!"

लांबच्या प्रवासाला कोणती मोटारसायकल घ्यावी, असं कुणी विचारलं की डोमाभाऊंचं उत्तर ठरलेलं. आणि विचारायला लोक आरमोरीपासून पार गोंडपिपरीपर्यंतचे येत! कारण हा माणूस तीस वर्षं तळ्यातळ्यांना मत्स्यबीज पोचवत मोटारसायकलवर फिरलेला. मागे पाणी आणि पिल्लं भरलेल्या पिशव्या, खाली जंगलातला असेल-नसेल तो रस्ता, तरी पिशवी कधी फुटली नाही. "पडली तं एकट्याले उचलता आली पायजे, बिघडली तं खेड्यातल्या मिस्तरीले समजली पायजे. बाकी सारी फुशारकी!" एवढं बोलून डोमाभाऊ चहाचा घोट घेत आणि समोरचा गपगुमान लहानी गाडी घेऊन मोकळा होई.

आता डोमाभाऊंना स्वतःसाठी गाडी घ्यायची होती. आणि डोमाभाऊंना मोठी पाहिजे होती!

कारण तसं गोड होतं. ज्याचा सारा जन्म मासोळीत गेला, त्यानं समुद्र पाहिला नव्हता. बायको रंभाबाईंनीही नव्हता. मुलगी दिव्यानी लग्न होऊन सासरी गेली, घर सुनं झालं, आणि एका दुपारी दोघांनी ठरवलं: सिरोंच्याला पूल ओलांडायचा आणि मोटारसायकलनं थेट विशाखापट्टणम गाठायचं! तेव्हापासून जेवता-खाता डोमाभाऊंच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. काळाभोर सरळ रस्ता, डाव्या हाताला संपता न संपणारं पाणी, मागे रंभा, तिचा पदर वाऱ्यावर. वरणात पोळी बुडवायची सोडून ते ती पाण्याच्या गिलासात बुडवत.

आरमोरीच्या अल्ताफच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. लहानी दोनशे सीसीची, सडपातळ, साधी. मोठी साडेसहाशेची, सव्वादोनशे किलोची. तिचा आवाज ऐकला की डोमाभाऊंच्या पोटात गुदगुल्या होत. रंभाबाईंनी मात्र तिला एकदाच खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सांगून टाकलं, "मोठी घेतली तं एकलेच जा समुद्रावर! तिच्यावर चढाले मले शिडी लागन!"

महिनाभर घरात हाच वाद. शेवटी अल्ताफच कंटाळला.

"भाऊ, आज चार बजेपर्यंत सांगून टाका. वरोऱ्याचा गिऱ्हाईक येऊन राह्यला. तुमी जी सोडान ती तो नेईन."

"मोठीच!" डोमाभाऊंनी छाती काढली. "फक्त रंभाले एक चक्कर मारून आणतो. एकदा बसली का उतरणार नाई, पाह्यजो!"

रंभाबाई त्या सकाळी गावच्या तलावावर होत्या. आज महाजाळ ओढायचा दिवस. मच्छीमार सोसायटीचे तेवीस सभासद भल्या पहाटे पाण्यात उतरले होते. डोमाभाऊ सदा फिरतीवर, म्हणून घरचा वाटा रंभाबाईंच्या नावावर होता. गुडघाभर चिखलात उभं राहून त्या दोर ओढत होत्या.

डोमाभाऊ मोठी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर चढले. अहाहा! माघातलं धुकं पाण्यावर पसरलेलं. पलीकडचा काठ दिसेनासा झालेला. इंजिन खालच्या सुरात गुणगुणत होतं. डोमाभाऊंना वाटलं, हाच की तो! हाच समुद्र! नाकाला खारा वारासुद्धा लागला. (तो सुकत घातलेल्या मासोळीचा होता, पण स्वप्नात कोण एवढं तपासतं?) हे पाणी नीट डोळे भरून पाहावं म्हणून त्यांनी गाडी थांबवली आणि तीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय खाली टाकला.

पाय खाली गेला. आणखी खाली गेला. जमीन काही येईना!

एकतर डोमाभाऊ साडेपाच फुटांचे, त्यातही दोन-तीन इंच घरच्यांनी प्रेमानं धरलेले. त्यात सीट ही उंच. त्यात डाव्या बाजूला पाळीचा उतार. सव्वादोनशे किलोची गाडी घाईनं पडत नाही हो! ती सावकाश कलते, माणसाला विचार करायला वेळ देते. डोमाभाऊंनी तेवढ्या वेळात "अरे", "अरे अरे" आणि "रंभाऽऽ" असे तीन विचार केले. मग गाडी आणि डोमाभाऊ, दोघंही उतारावरून घसरत गेले ते थेट तलावात!

आणि पडले कुठे? महाजाळाच्या बरोब्बर मधोमध!

"काऊन भाऊ, पोहून राह्यले का?" सोसायटीचे अध्यक्ष मुखरूभाऊ ओरडले.

"गाडी! गाडी बुडाली!" डोमाभाऊंनी हेल्मेटातून पाणी ओतत सांगितलं.

"जाळं थांबवता येत नाई! मासोळी पळन! ओढा रे!"

तेवीस जणांनी जोर लावला. जाळं काठाला आलं. त्यात रोहू, कतला, मरळ, साडेसहाशे सीसीची एक मोटारसायकल आणि हेल्मेट घातलेले डोमाभाऊ.

"डोमाभाऊ बी जाळ्यात आला!" कुणीतरी खिंकाळलं. "त्याचा बी वाटा पाडा!"

"तो वाटा मले पंचवीस वर्षांपासून आहे," रंभाबाई म्हणाल्या. "कोणाले पायजे असन तं घेऊन जा!"

कुणालाच नको होता. गाडी मात्र सगळ्यांना पाहिजे होती! मुखरूभाऊंनी धोतराचा सोगा पिळला आणि जाहीर केलं, "सभासद तेवीस. बावीस वाटे मासोळीचे. तेविसावा वाटा गाडीचा."

"अवो, असं कसं!" डोमाभाऊ किंचाळले. "ती अल्ताफची आहे! जाळ्यात मी पाडली!"

"मागच्या साली माह्या घरची पितळी घागर पाण्यात पडली होती," मुखरूभाऊ शांतपणे म्हणाले. "ती जाळ्यात आली. तवा कोण बोल्लं, जाळ्यात आलं ते सगळ्याईचं? कोण बोल्लं?"

डोमाभाऊंनी मान खाली घातली. तेच बोलले होते! नुसते बोललेच नव्हते, तर सभासद नसताना अर्धा तास भाषण ठोकलं होतं.

पळसाच्या पानांवर मासोळीचे बावीस ढीग लागले. शेवटी चिखलानं माखलेली मोठी, तिच्या आरशाला शेवाळ लटकलेलं. मग रीतीप्रमाणे सोसायटीतल्या बुधूनं सगळ्यांकडे पाठ केली. मुखरूभाऊ एकेका ढिगाकडे बोट दाखवत "हा कोणाचा?" विचारत आणि न बघता बुधू नाव घेई. त्यानं घेतलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ.

"हा कोणाचा?"

"सुरेंद्रचा!"

"हा कोणाचा?"

"रंभाबाईचा!" रंभाबाईंच्या वाट्याला हातभर लांब कतला आला.

ढीग संपत गेले. ज्यांना मासोळी मिळाली, त्यांची तोंडं उतरत गेली. डोमाभाऊ बोटांवर मोजू लागले. गाडी गेली, अल्ताफची दोस्ती गेली, समुद्र गेला! मुखरूभाऊंनी गाडीकडे बोट केलं.

"हा कोणाचा?"

"कुंताबाईचा!"

कुंताबाई पंच्याहत्तरीच्या. काठी टेकत गाडीपाशी आल्या, तिला एक टोला मारला आणि जो भडका उडाला म्हणता!

"आगीत घाल तुही गाडी! पहाटपासून पाण्यात उभी आहो मी! घरी नातवाईले काय हे चाक शिजवून घालू? मले मासोळी पायजे!"

"बाई, वाटा पडला..."

"तुह्या डोक्यात घालीन हा वाटा!"

मुखरूभाऊ, अध्यक्ष, तीन पावलं मागे सरले. तेव्हा रंभाबाई पुढे झाल्या. आपला हातभर कतला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कुंताबाईंच्या टोपलीत ठेवला आणि गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली. वाट्याची अदलाबदल चालते, हेही रीतीतच होतं.

एवढ्यात लहानीवर बसून अल्ताफ आला. कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं होतं, "तुमची गाडी जाळ्यात सापडली आणि कुंताबाईले भेटली." तो रस्ताभर या वाक्याचा अर्थ लावत आला होता.

"भाऊ, ये क्या किया!" त्यानं कपाळावर हात मारला. सायलेन्सरमधून एक मरळ बाहेर पडली आणि उड्या मारत तलावाकडे निघाली.

"अल्ताफभाऊ," रंभाबाई म्हणाल्या, "ही मोठी आता माही आहे. तेवीस लोकं साक्षीले आहेत. पण तुमची तुमाले परत. ती लहानी आमची, ठरल्या भावात. आणि हे उद्यापासून गॅरेजात येतीन, मोठी घासून-पुसून चकाचक करून देतीन. हो ना जी?"

"हो," डोमाभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अल्ताफनं एकदा मोठीकडे पाहिलं, एकदा तेवीस लोकांकडे, आणि लहानीची किल्ली काढून दिली. डोमाभाऊंनी घ्यायला हात पुढे केला. किल्ली रंभाबाईंनी घेतली! पदर खोचला, टांग टाकली, दोन्ही पाय जमिनीवर भक्कम टेकवले. दोन वर्षांपूर्वी डोमाभाऊ टायफॉईडनं पडले तेव्हा महिनाभर सगळ्या तळ्यांना मत्स्यबीज हिनंच पोचवलं होतं. ते दिवस डोमाभाऊ कुणाला सांगत नसत.

"बसा मागं. समुद्रावर यायचं आहे का नाई?"

डोमाभाऊ निथळत मागे बसले. गाडी पाळीवरून निघाली. आणि काय सांगू! तीस वर्षं त्यांनी फक्त पुढचा खड्डा पाहिला होता. आता पाहायला सगळं मोकळं होतं. धुकं विरत होतं, पाण्यावर कमळाची पानं हलत होती, एक बगळा एका पायावर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. डोमाभाऊंनी रंभाच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा पदर सुटून त्यांच्या ओल्या गालाला लागला. त्यांना इतकं सुख झालं की डोळे भरून आले. अशा वेळी बायकोशी काहीतरी गोड बोलावं, असं त्यांना फार वाटलं.

"रंभा," ते कानाशी लागून म्हणाले, "आता तिसरा गियर टाक."

"चौथ्यात आहे. गप बसा!"

डोमाभाऊ गप बसले. विशाखापट्टणमपर्यंत त्यांना तेवढंच काम होतं.